वृद्ध निराश्रित कुत्र्याचे पुनर्वसन

वृद्ध निराश्रित कुत्र्याचे पुनर्वसन म्हणजे मालकाने टाकून दिलेल्या, हरवलेल्या किंवा रस्त्यावरच वाढलेल्या उतारवयातील कुत्र्याला नव्या घरात आणून त्याच्या प्रकृतीची व वर्तनाची घडी पुन्हा बसवण्याची प्रक्रिया होय. पिलाला सवयी लावायच्या असतात. वृद्ध कुत्र्याला त्या आधीच लागलेल्या असतात, आणि त्या कोठे, कोणाकडून, कशाच्या भीतीने लागल्या हे बहुधा कोणालाच ठाऊक नसते. शिवाय त्याच्या शरीरात एखादा जुना, न ओळखलेला आजार असण्याची शक्यता मोठी असते. गुरगुरणे, चावणे, घरात घाण करणे, रात्री भुंकत राहणे अशा तक्रारींमुळे दत्तक घेतलेली कुत्री पुन्हा निवारा केंद्रात अथवा रस्त्यावर जातात. या तक्रारींपैकी पुष्कळशांचे मूळ स्वभावात नसून दुखण्यात असते. म्हणून अशा कुत्र्याच्या स्वभावाविषयी मत बनवण्यापूर्वी त्याची शारीरिक तपासणी व्हावी, हे या विषयातील पहिले सूत्र मानले जाते.

वय व त्याचा अंदाज

कुत्र्याच्या अपेक्षित आयुष्याचा अखेरचा चतुर्थांश हा वार्धक्याचा काळ समजतात. मोठ्या आकाराच्या जाती लवकर म्हाताऱ्या होतात. ग्रेट डेन सहा-सात वर्षांचा झाला की वृद्ध गणला जातो, तर पामेरियनसारखा लहान कुत्रा त्या वयात अजून मध्यमवयीन असतो. निराश्रित कुत्र्याचे वय दात, डोळे व तोंडावरील पांढरे केस यांवरून ठरवतात, पण हा अंदाजच असतो. दगड किंवा साखळी चावत राहणाऱ्या तरुण कुत्र्याचेही दात झिजलेले असतात. डोळ्यांत दिसणारी निळसर झाक म्हणजे मोतीबिंदूच असे नाही. वयोमानाने भिंगाचा गाभा घट्ट झाल्यानेही ती येते आणि तिच्यामुळे दृष्टीला फारशी बाधा होत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

बेवारस कुत्र्यांना आश्रय देण्याच्या परंपरेत मुंबईचे स्थान जुने आहे. १८३२ साली ब्रिटिश प्रशासनाने भटकी कुत्री मारण्याची मोहीम चालवली असता पारशी समाजाने तिला तीव्र विरोध केला व शहरात दंगल उसळली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ स्थापन झाले. लंडनमध्ये मेरी टीलबी यांनी हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी आश्रयगृह काढले ते १८६० साली. तेच पुढे १८७१ मध्ये बॅटर्सी येथे हलवण्यात आले. पांजरपोळात आलेले जनावर सहसा तेथेच राहत असे. निवारा हा केवळ मधला टप्पा असून प्राण्याने अखेर एखाद्या घरात जावे, ही कल्पना भारतीय शहरांत त्यामानाने अलीकडे रुळली.

दुखणे आणि वर्तन

इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स व त्यांचे सहकारी यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात, वर्तनाच्या तक्रारींसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या प्राण्यांपैकी किमान एक तृतीयांश प्राण्यांना काही ना काही वेदनादायक विकार असतो, असा अंदाज मांडला. काही चिकित्सकांकडील प्रकरणांत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या जवळ जाते असेही त्यांनी नोंदवले. कुत्रा वेदना बोलून दाखवत नाही आणि अनेकदा कण्हतही नाही. अंगावरून हात फिरवताना तो अचानक दात दाखवतो. सांध्याच्या झिजेमुळे त्याला कंबरेवरचा स्पर्श सहन होत नसतो; पाहणाऱ्याला मात्र तो लहरी वाटतो.

आवाजाची भीती हे याचे बोलके उदाहरण आहे. लिंकन विद्यापीठाशी संबंधित २०१८ च्या एका अभ्यासात आवाजाला घाबरणाऱ्या २० कुत्र्यांची तुलना केली होती. त्यांपैकी १० कुत्र्यांना स्नायू वा सांध्यांचे दुखणे होते. दुखणे असलेल्या गटात ही भीती सरासरीने सुमारे चार वर्षे उशिरा सुरू झाली होती. दचकल्यावर अंग आक्रसते, त्याने दुखऱ्या सांध्यांना कळ येते, आणि कुत्रा त्या कळेची सांगड आवाजाशी घालतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. आजवर दिवाळीत निवांत झोपणारा कुत्रा दहाव्या वर्षी फटाक्यांनी थरथरू लागला, तर त्याचे पाय व पाठ तपासणे आवश्यक ठरते. नमुना लहान असला तरी निष्कर्ष व्यवहारात उपयोगी आहे.

घरात लघवी करणे ही सर्वांत गैरसमज करून घेतली जाणारी तक्रार आहे. निर्बीजीकरण झालेल्या वयस्क कुत्रीला झोपेतच लघवी होत असेल, तर मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडलेला असण्याची शक्यता असते व त्यावर औषध आहे. पाणी फार पिऊन वारंवार लघवी होणे हे मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा अधिवृक्क ग्रंथींचा विकार यांचे लक्षण असू शकते. दिवसाला दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरहून अधिक पाणी कुत्रा पीत असेल तर ते प्रमाणाबाहेर समजतात. भांडे मोजून भरले की हे घरच्या घरी कळते. निर्बीजीकरण न झालेल्या कुत्रीला माजानंतर काही आठवड्यांनी तहान वाढून सुस्ती आली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी लागते. ही तातडीच्या शस्त्रक्रियेची अवस्था असून विलंब जिवावर बेततो.

भारतातील निराश्रित कुत्र्यांत गोचिडीमुळे होणारे ताप विशेष आढळतात. एर्लिकिया कॅनिस हा जिवाणू तपकिरी गोचिडीद्वारे पसरतो. त्यामुळे ताप, भूक मंदावणे, रक्तातील बिंबिका घटणे, प्रसंगी नाकातून रक्त येणे ही लक्षणे दिसतात. रोग जुनाट रूपात महिनोन्‌महिने दबून राहू शकतो. अशा वेळी मलूल पडून असणारा कुत्रा ‘शांत स्वभावाचा’ म्हणून दत्तक दिला जातो आणि उपचारानंतर त्याचा खरा स्वभाव प्रकट होतो. तपकिरी गोचीड घरातील भिंतींच्या भेगांतही आपले जीवनचक्र पूर्ण करते, त्यामुळे केवळ कुत्र्यावर औषध लावून भागत नाही.

दातांची अवस्था बहुधा वाईट असते. सुजलेल्या हिरड्या व सडलेली दाढ असलेला कुत्रा अन्नाच्या भांड्याशी येतो, घुटमळतो, दूर होतो, आणि कोणी जवळ आले की गुरगुरतो. अन्नाची राखण करण्याची सवय व तोंडातील वेदना यांत फरक करायचा तर तोंड उघडून पाहिल्यावाचून गत्यंतर नसते. तेही पशुवैद्याने, गरज भासल्यास भूल देऊन.

वार्धक्यातील बुद्धिभ्रंश

मेंदूच्या ऱ्हासामुळे काही वृद्ध कुत्री ओळखीच्या घरात हरवल्यासारखी वागतात. दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभे राहणे, कोपऱ्यात अडकणे, दिवसा झोपून रात्री येरझाऱ्या घालणे, माणसे न ओळखणे ही त्याची चिन्हे होत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील २००१ च्या एका पाहणीत ११ ते १२ वर्षे वयाच्या २८ टक्के आणि १५ ते १६ वर्षे वयाच्या ६८ टक्के कुत्र्यांत यांपैकी किमान एका प्रकारचे लक्षण आढळले. बहिरेपणा व अंधत्व यांमुळेही असेच वर्तन घडते, म्हणून ती शक्यता आधी वगळतात. हा विकार बरा होत नाही. ठरलेली दिनचर्या, रात्री मंद दिवा, योग्य आहार व औषधे यांनी त्याची गती काही अंशी रोखता येते.

पहिले दिवस

निवारा केंद्रात नव्याने आलेल्या कुत्र्यांच्या रक्तात पहिले तीन दिवस कॉर्टिसॉल या तणावसंबंधी संप्रेरकाचे प्रमाण अधिक असते, असे १९९७ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसून आले. ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ असा एक लोकप्रिय ठोकताळाही सांगितला जातो: पहिले तीन दिवस भांबावण्याचे, तीन आठवडे रुळण्याचे व तीन महिने विश्वास बसण्याचे. तो लक्षात ठेवायला सोपा आहे इतकेच. आजारी व वृद्ध कुत्र्याला याहून बराच अधिक काळ लागू शकतो.

या काळात पाहुणे बोलावणे, आंघोळ घालणे, मुलांनी मिठ्या मारणे हे सारे टाळले जाते. कुत्र्याला येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर एक कोपरा देतात व तेथे तो असताना त्याला कोणी हात लावत नाही. गुळगुळीत लाद्यांवर दुखऱ्या पायांचा कुत्रा घसरतो आणि एकदा घसरला की त्या खोलीत जायलाच नाकारतो. सतरंजी किंवा रबरी पायपुसण्यांची वाट घातल्यास हा ‘हट्ट’ नाहीसा होतो. बहिऱ्या कुत्र्याला झोपेतून हलवून उठवल्यास तो दचकून चावू शकतो. त्याच्या नाकाशी हात नेऊन वासाने जाग येऊ द्यावी लागते. घरात आधीचा कुत्रा असल्यास दोघांची पहिली भेट घराबाहेर, मोकळ्या जागी घडवतात.

उपासमार झालेल्या कुत्र्याला कणव येऊन एकदम पोटभर खाऊ घालणे धोक्याचे असते. अशाने रक्तातील फॉस्फेट झपाट्याने उतरते व प्रकृती ढासळते. आरंभी थोडेथोडे अन्न अनेक वेळा द्यावे लागते. एरवीही अन्नातील बदल आठवडा-दहा दिवसांत क्रमाने करतात. मराठी घरांतील उरलेली आमटी-भाजी कुत्र्याला घालण्याची रीत जुनी असली, तरी कांदा व लसूण त्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक असतात. द्राक्षे, मनुका व चॉकलेटही विषारी ठरतात. लंगडणाऱ्या कुत्र्याला माणसांची आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची गोळी देणे हा तर सर्रास घडणारा अपघात आहे. पहिल्या गोळीने जठरात व्रण पडून मूत्रपिंड निकामी होऊ शकते, तर दुसरी यकृतास व रक्तपेशींस अपाय करते. कुत्र्यांसाठीची वेदनाशामके वेगळी असून रक्ततपासणीनंतर देतात.

वर्तनात बदल

दुखण्यावर उपचार झाल्यानंतर जे वर्तन उरते, त्यावर संथ प्रशिक्षणाचा उपाय केला जातो. भीतीचे कारण सहन होईल इतक्या अंतरावर किंवा इतक्या सौम्य रूपात समोर आणायचे व त्याच क्षणी आवडीचा घास द्यायचा, ही त्याची मूळ पद्धत. एकटे राहण्याची धास्ती असलेल्या कुत्र्याबाबत दाराबाहेर काही सेकंद थांबण्यापासून सुरुवात होते. फ्लुऑक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन यांसारखी औषधे पशुवैद्याच्या देखरेखीखाली या प्रशिक्षणाला जोड म्हणून देतात.

मारणे, मान दाबणे, धाक घालणे यांना अमेरिकी पशुवैद्यकीय वर्तनशास्त्र संघटनेने २०२१ च्या निवेदनात स्पष्ट विरोध करून बक्षिसावर आधारित प्रशिक्षणाचा पुरस्कार केला. गुरगुरण्याबद्दल शिक्षा करणे विशेष हानिकारक असते. गुरगुरणे ही सूचना आहे. ती दाबली की कुत्रा सूचना देणे सोडतो आणि थेट चावतो. चावण्याचा इतिहास असलेल्या कुत्र्याला सुखावह मुसके घालण्याची सवय खाऊच्या साहाय्याने आधीच लावून ठेवतात, म्हणजे दवाखान्यात झटापट होत नाही. लसीकरणाची नोंद नसल्यास प्रथम रेबीजची लस देतात. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन माणसाने विनाविलंब वैद्यकीय उपचार घ्यावे लागतात.

भारतातील कायदा

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम ११ नुसार, उपासमार किंवा तहानेचा त्रास होईल अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड मात्र १० ते ५० रुपये इतकाच ठेवलेला आहे. एका रक्ततपासणीचा खर्चही त्यातून निघत नाही, आणि म्हातारा व आजारी कुत्रा सोडून देणाऱ्यास या तरतुदीचा वचक बसत नाही.

अखेरचा काळ

अशा कुत्र्याच्या वाट्याला नव्या घरात कधी काही वर्षे, कधी काही महिने येतात. भूक, चालणे, झोप, स्वच्छता राखण्याची क्षमता व माणसांत रमणे यांची रोजची नोंद ठेवल्यास घसरण वेळीच ध्यानात येते. रोज पाहणाऱ्याच्या नजरेला ती सहसा जाणवत नाही. वेदना औषधांनी आटोक्यात येईनाशी झाली की पशुवैद्य दयामरणाचा पर्याय सुचवतात. आधी गुंगीचे औषध देऊन कुत्रा गाढ झोपल्यावर शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देतात. त्या वेळी परिचित माणसाने जवळ बसणे इष्ट मानले जाते, आणि अनेक पशुवैद्य त्यासाठी घरी येण्यास तयार असतात.