सेन्सरवरची धूळ आणि ब्रशाचा हलका हात

निरभ्र आकाशाचे छायाचित्र संगणकाच्या पडद्यावर मोठे करून पाहावे आणि वरच्या कोपऱ्यात एक राखाडी, धूसर ठिपका दिसावा, हा अनुभव डिजिटल एसएलआर कॅमेरा वापरणाऱ्यांना नवा नाही. आधी वाटते, दूरवर एखादी घार असेल. पण पुढच्या छायाचित्रात तीच घार नेमक्या त्याच जागी असते, आणि घरातल्या पांढऱ्या भिंतीच्या छायाचित्रातही ती हजर होते. भिंग बदलले तरी ठिपका हटत नाही. तेव्हा लक्षात येते, की हा धूलिकण कॅमेऱ्याच्या पोटात, थेट सेन्सरच्या दारात जाऊन बसला आहे.

फिल्मच्या जमान्यात ही तक्रार फारशी नव्हती. प्रत्येक छायाचित्रासाठी फिल्मचा नवा तुकडा पुढे सरके आणि त्यावर पडलेली धूळही त्याच्याबरोबर पुढे निघून जाई. बिघडले तर एकच छायाचित्र बिघडे. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सर एकाच जागी कायमचा बसवलेला असतो. भिंग बदलताना आत शिरलेला कण झटकला जात नाही तोवर प्रत्येक छायाचित्रावर आपली सही करत राहतो.

अर्थात ‘सेन्सरवरची धूळ’ हा शब्दप्रयोग काटेकोर नाही. प्रत्यक्ष सेन्सरच्या पुढे काचेचे पातळ थर असतात. अवरक्त किरण अडवणारी गाळणी त्यातच असते. धूळ बसते ती या काचेवर. आणि आपण साफ करतो तीही हीच काच. या काचेत आणि प्रकाश टिपणाऱ्या पृष्ठभागात थोडेसे अंतर असते व ठिपका कधी दिसतो, कधी दिसत नाही, याचे रहस्य त्या अंतरात आहे. हिशेबाला सोपे जावे म्हणून ते एक मिलिमीटर धरू. भिंगाचे छिद्र एफ २.८ इतके मोठे उघडले असेल, तर एका बिंदूवर एकवटणारा प्रकाशाचा शंकू काचेपाशी सुमारे ३६० मायक्रॉन रुंद असतो. त्यात ५० मायक्रॉनचा कण जेमतेम पन्नासावा हिस्सा प्रकाश अडवतो. डोळ्यांना ते कळतही नाही. तेच छिद्र एफ २२ इतके लहान केले, की शंकूची रुंदी ४५ मायक्रॉनवर येते. आता तोच कण सगळी वाट अडवतो आणि त्याची काळी सावली स्पष्ट उमटते. ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर ६००० पिक्सेल एका ओळीत बसवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा मायक्रॉन येतात. म्हणजे आपला कण आठ पिक्सेल सहज झाकतो. मोठ्या छिद्राने व्यक्तिचित्रे टिपणाऱ्याला वर्षभर धुळीचा पत्ता लागत नाही आणि निसर्गदृश्ये टिपणारा मात्र हैराण होतो, ते यामुळेच.

‘एवढ्याशा ठिपक्यासाठी कॅमेरा कशाला उघडायचा? संगणकावर पुसून टाकू,’ असे कुणी म्हणेल. घरच्या सहलीच्या छायाचित्रांसाठी ते ठीकच आहे. पण लग्नसमारंभाची हजारभर छायाचित्रे असतील तर प्रत्येकातला ठिपका पुसत बसणे म्हणजे शिक्षाच. आणि वृत्तछायाचित्रकारासाठी तर हे पुसणे कसे अंगलट येऊ शकते, याचे उदाहरण ऑगस्ट २००६ मध्ये जगाने पाहिले. लेबनॉनमधील युद्धाच्या काळात रॉयटर्स वृत्तसंस्थेसाठी काम करणारे अदनान हज यांचे बैरुतमधील धुराचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. धुराच्या लोटांत एकसारखी, छापल्यासारखी वेटोळी दिसत होती. संगणकावर एका जागचा भाग उचलून दुसरीकडे चिकटवल्याची ती खूण होती. आपण केवळ धुळीचे डाग काढत होतो आणि अपुऱ्या उजेडात चूक झाली, असे त्यांचे म्हणणे वृत्तसंस्थेने तेव्हा जाहीर केले. ते स्वीकारले गेले नाही. रॉयटर्सने त्यांच्याशी संबंध तोडले आणि त्यांची ९२० छायाचित्रे विक्रीतून काढून घेतली. त्यांच्या दुसऱ्या एका छायाचित्रातही फेरफार आढळला होता, तेव्हा धुळीची सबब कितपत खरी मानायची, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण रॉयटर्सच्या छायाचित्रविषयक नियमांत पुढे या साधनाला बंदी घालताना एकच अपवाद ठेवण्यात आला, तो सेन्सरवरच्या धुळीचा. तोही मर्यादित. धूळ मुळात कॅमेऱ्यातच काढली, तर हा प्रश्न उद्भवत नाही.

कॅमेरे बनवणाऱ्या कंपन्यांनीही हा प्रश्न ओळखला होता. ऑलिम्पसने २००३ मध्ये बाजारात आणलेल्या ई-१ या कॅमेऱ्यात सेन्सरपुढची काच श्राव्यातीत कंपनांनी थरथरवून धूळ झटकण्याची सोय होती. कॅननने २००६ च्या ईओएस ४००डी मध्ये अशी व्यवस्था दिली. झटकलेली धूळ पुन्हा उडू नये म्हणून खाली चिकट पट्टी असते. आज ही सोय बहुतेक कॅमेऱ्यांत आहे आणि सुटी, कोरडी धूळ ती बऱ्यापैकी घालवते. पण जो कण काचेला घट्ट बिलगला आहे, त्याला ही थरथर पुरत नाही. कण जितका लहान, तितके त्याचे वजन नगण्य आणि काचेशी असलेली ओढ तुलनेने प्रबळ. तिथे ब्रशाची गरज लागते.

हा ब्रश धूळ ‘झाडत’ नाही, हे आधी समजून घ्यावे. केरसुणीसारखा तो फिरवला, तर कण एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाईल किंवा काचेवर घासला जाईल. ब्रशाचे अत्यंत तलम कृत्रिम तंतू हवेच्या झोताने किंवा वेगाने फिरवल्याने स्थिर विद्युतभारित होतात. फुग्याला केसांवर घासले की तो कागदाचे कपटे उचलतो, तोच हा न्याय. भारित तंतू काचेवरून हलकेच गेले, की कण काच सोडून तंतूंना चिकटतो. कॅनडातील व्हिजिबल डस्ट या कंपनीचा ‘आर्क्टिक बटरफ्लाय’ हा बॅटरीवर गरगर फिरणारा ब्रश याच तत्त्वावर चालतो. मात्र तो फिरवायचा कॅमेऱ्याबाहेर. आत नेताना मोटर बंद हवी. हाती ब्लोअर असेल तर साध्या ब्रशाच्या तंतूंतून आठ-दहा झोत मारूनही भार निर्माण करता येतो. चित्रकलेच्या दुकानातला ब्रश वापरावा काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. नव्या रंगब्रशाचे टोक आकारात राहावे म्हणून त्याला खळ लावलेली असते. ती काचेवर उतरली की धुळीपेक्षा मोठे दुखणे मागे लागते. सेन्सरसाठी म्हणून बनवलेला ब्रशच घ्यावा, हे उत्तम.

आता प्रत्यक्ष काम. प्रथम दोषी कोण, याची खात्री करावी. छिद्र एफ १६ किंवा एफ २२ वर ठेवून, आयएसओ कमीत कमी ठेवून, भिंग मुद्दाम फोकसबाहेर नेऊन पांढऱ्या कागदाचे किंवा मोकळ्या आकाशाचे छायाचित्र घ्यावे. हात हलला तरी हरकत नाही; धूळ सेन्सरबरोबरच हलते, तिची सावली पुसट होत नाही. जो ठिपका एसएलआरच्या डोळ्यातून पाहताना दिसतो पण छायाचित्रात येत नाही, तो सेन्सरवर नसतो. तो आरशावर किंवा त्यावरच्या काचपडद्यावर असतो. या दोन्हींचे पृष्ठभाग फार नाजूक. तिथे ब्रश नेण्याचा मोह टाळावा. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते. त्यामुळे कॅमेरा सरळ धरून समोरून आत पाहिले, तर छायाचित्रात वर डावीकडे असलेला ठिपका सेन्सरवर खाली डावीकडे सापडतो. वरचे खाली होते, डावे डावेच राहते. ही एवढी गोष्ट ठाऊक नसल्याने कित्येक जण भलताच कोपरा साफ करत बसतात.

बॅटरी पूर्ण भरलेली असल्याखेरीज पुढे जाऊ नये. एसएलआरमध्ये मेनूतील सेन्सर स्वच्छतेचा पर्याय निवडला, की आरसा वर जातो आणि शटर उघडे राहते. मधेच बॅटरी संपली तर दोन्ही खाली येतील, आणि त्या वेळी ब्रश आत असेल तर नुकसान अटळ. बटण दाबून ठेवून ‘बल्ब’ पद्धतीने शटर उघडे ठेवण्याची युक्ती काही जण सुचवतात. ती जोखमीची आहे. बोट सटकले की संपले.

आधी कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे करून रबरी ब्लोअरने दोन-चार झोत मारावेत. ब्लोअरची नळी आत शिरू देऊ नये. निम्मे ठिपके इथेच जातात. तोंडाने फुंकर कदापि मारू नये. थुंकीचे तुषार धुळीपेक्षा चिवट असतात. डब्यातली दाबाखालची हवाही नको, कारण तिच्यातला द्रव काचेवर उडून डाग पाडतो. एवढ्यावर भागले नाही, तर ब्रश भारित करून सेन्सरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच, केवळ स्वतःच्या वजनाने, सरकवावा आणि उचलावा. बाहेर आणून पुन्हा झोत मारावा, मगच दुसरी फेरी. तंतूंना बोट लावू नये आणि सेन्सरच्या बाजूच्या भिंतींना ब्रश टेकवू नये. तिथे यंत्रभागांचे वंगण असू शकते. ते एकदा तंतूंना लागले, की पुढच्या फेरीत काचेवर तेलाचा ओघळ उमटलाच.

आपल्याकडे यात ऋतूचाही हिशेब धरावा लागतो. मुंबईच्या आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत स्थिर विद्युतभार टिकत नाही आणि ब्रश निकामी झाल्यासारखा वागतो. दोष ब्रशाचा नसतो. वातानुकूलित, पंखा बंद केलेल्या खोलीत हे काम करावे. विसर्जन मिरवणुकीतला गुलाल आणि जेजुरीचा भंडारा हे प्रकरण आणखी निराळे. भंडारा म्हणजे हळद, आणि हळदीत तेलाचा अंश असतो. असा कण कोरड्या ब्रशाने उचलला न जाता पसरण्याचीच भीती अधिक. परागकण आणि वंगणाचे थेंब यांचेही तेच. तिथे सेन्सरच्या रुंदीचा पट्टा आणि शुद्ध द्रावण घेऊन ओली स्वच्छता करावी लागते. हात बसलेला नसेल तर ती अधिकृत सेवा केंद्रावर सोपवलेली बरी. सेन्सरपुढच्या काचेवर ओरखडा पडला, तर तो काढता येत नाही. काच किंवा सगळा सेन्सरच बदलावा लागतो.

साफ केल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा त्याच जागी ठिपके दिसू लागले, तर आपल्या हातालाच बोल लावण्याची घाई नको. निकॉनच्या २०१२ मधील डी६०० या कॅमेऱ्यात डागांच्या तक्रारी जगभरातून आल्या. अखेर कंपनीने २०१४ मध्ये हमीची मुदत संपलेल्यांनाही तपासणी, सफाई आणि शटरची अदलाबदल विनामूल्य देऊ केली.

आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांनी हा प्रश्न सोपाही केला आणि अवघडही. आरसा नाही, त्यामुळे तो कोसळण्याचे भय नाही. पण बहुतेकांत भिंग काढताच सेन्सर उघडा पडतो. कॅननच्या २०१८ च्या ईओएस आर मध्ये कॅमेरा बंद केला की शटर खाली येऊन सेन्सर झाकते. त्या अतिशय पातळ पात्यांना ब्रशाचा स्पर्शही होता कामा नये. शिवाय अनेक कॅमेऱ्यांत हादरे शोषण्यासाठी सेन्सर अधांतरी तोललेला असतो, तो ब्रशाखाली हलतो. तो हलला म्हणून घाबरून दाब वाढवू नये. त्या मॉडेलच्या पुस्तिकेत काय सांगितले आहे, ते आधी पाहावे.

काम झाल्यावर तीच चाचणी पुन्हा घ्यावी. एखादा ठिपका एफ २२ ला दिसतो पण एफ ८ ला दिसत नाही, असे आढळले तर तिथेच थांबावे. ब्रश झाकणबंद नळीत ठेवून द्यावा आणि कॅमेऱ्यावर लगेच भिंग चढवावे.