पूर्वज निवडणारं कुळ

इ.स. 9 मध्ये वांग मांग नावाच्या एका मंत्र्यानं हान घराण्याला बाजूला सारलं आणि तो चीनच्या गादीवर बसला. गादी मिळाली की तिला शोभेल असा वंशही लागतो. वांग मांगनं आपली वंशावळ थेट शुन या पुराणकाळातल्या आदर्श राजापर्यंत नेऊन भिडवली आणि फर्मान काढलं: याओ, क्वी, चेन, त्येन आणि वांग ही पाच आडनावं शुनच्याच वंशातली आहेत, म्हणून ती धारण करणाऱ्यांची नावं सरकारी दफ्तरात नोंदवून त्यांना राजकुळात गणावं. शिवाय त्याच्या स्वतःच्या वांग घराण्यानं बाकीच्या चौघांशी सोयरीक करू नये. सगोत्र विवाहाचे वाद ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. गंमत पुढे आहे. खुद्द वांग मांगची पट्टराणी माहेरची वांगच होती! तिचे वांग निराळ्या मुळाचे, असं म्हणून ते चालवून घेतलं गेलं.

कोण कोणाचा भाऊबंद, हे ठरवायचं कुणी? रक्तानं, राजानं की कागदानं? फर्मानातल्या पाच आडनावांपैकी ‘चेन’ या एकाचा मागोवा घेतला तरी तिन्ही उत्तरं आलटून पालटून समोर येतात. आकड्यांच्या हिशेबात हे आडनाव किरकोळ नाही. चीनच्या मुख्य भूमीवर वांग, ली, झांग आणि लिऊ यांच्यामागे चेनचा पाचवा क्रमांक लागतो, आणि या पाच आडनावांतच देशाची जवळपास 30 टक्के लोकसंख्या सामावते. तैवानात चेन पहिल्या क्रमांकावर आहेत, सुमारे 11 टक्के. सिंगापूरच्या चिनी समाजातलं सर्वाधिक आढळणारं आडनाव ‘तान’. हाँगकाँगचे ‘चान’, हाक्का लोकांतले ‘चिन’ आणि व्हिएतनाममधले ‘त्रान’ हे सगळे तेच एक चिनी अक्षर आपापल्या बोलीत उच्चारतात.

परंपरेनं सांगितलेलं मूळ असं: इ.स.पूर्व अकराव्या शतकात झोऊ राजा वू यानं शांग घराण्याचा पराभव केला. नव्या राज्याला जुन्या पुण्याईचा आधार हवा होता, म्हणून प्राचीन राजांचे वंशज शोधून त्यांना जहागिऱ्या देण्यात आल्या. शुनचा वंशज म्हणून मान नावाचा माणूस पुढे आला. राजानं त्याला आपली थोरली मुलगी दिली आणि चेन हा प्रदेश दिला. हा मान म्हणजेच चेनांचा मूळपुरुष, हू गोंग. त्याची राजधानी आजच्या हनान प्रांतातल्या ह्वाईयांग इथे होती. तिथे त्याची समाधी दाखवतात आणि परदेशातले चेन तिथे पूजेला येतात. मानचं स्वतःचं कुलनाम मात्र चेन नव्हतं, क्वी होतं. त्या काळी ‘शिंग’ हे जुनं कुलनाम आणि ‘शी’ हे शाखेचं नाव अशी दुहेरी व्यवस्था होती. शिंग पाहून लग्नं जुळत, शी पाहून मानमरातब ठरे. छिन आणि हान काळापर्यंत दोन्हींतला फरक पुसट झाला, आणि चेन हे देशाचं नाव माणसांच्या नावामागे कायमचं चिकटलं.

तो देश मात्र टिकला नाही. इ.स.पूर्व 478 मध्ये बलाढ्य छू राज्यानं तो गिळला. त्याआधीच एक शाखा निसटली होती आणि कुळाच्या कथेतला सगळ्यात रंगतदार भाग तिचाच. इ.स.पूर्व 672 मध्ये चेनच्या युवराजाला ठार मारण्यात आलं. त्याच्या गोटातला चेन वान हा राजपुत्र जीव घेऊन पूर्वेकडच्या छी राज्यात पळाला. तिथल्या राजानं त्याला मोठं पद देऊ केलं. त्यानं ते नम्रपणे नाकारलं आणि कारागिरांच्या देखरेखीचं काम पत्करलं. त्याच्या वंशजांनी त्येन हे नाव लावलं. दर पिढीत ते थोडे थोडे वर सरकत गेले. लोकांना धान्य उसनं देताना ते मोठ्या मापानं देत आणि परत घेताना लहान मापानं घेत, असं जुने इतिहासकार सांगतात. त्याला परोपकार म्हणायचं की निवडणुकीआधीची मोफत वाटपं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. इ.स.पूर्व 386 मध्ये झोऊ राजानं त्येन ह याला छीचा अधिकृत राजा म्हणून मान्यता दिली. आश्रयाला आलेल्या माणसाच्या वंशजांनी पावणेतीनशेहून अधिक वर्षं धीर धरून यजमानाचं घर ताब्यात घेतलं होतं.

आज जगभरच्या चेन मंदिरांच्या दारावर मात्र ना ह्वाईयांगचं नाव असतं, ना छीचं. तिथे असतं यिंगछ्वान. हा हनानमधल्याच शूछांगच्या परिसराचा जुना जिल्हा. मलेशियातल्या पेनांगमध्ये, जॉर्जटाउनमध्ये, तान मंडळींचं जे कुलगृह आहे त्याचं नाव ‘इंगच्वान तोंग’, म्हणजे हेच यिंगछ्वान, होक्किएन उच्चारात. या नावाला वजन आलं ते चेन शी (इ.स. 104–187) या उत्तरकालीन हान राजवटीतल्या एका साध्या जिल्हाधिकाऱ्यामुळे. त्याची एक गोष्ट चिनी शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. दुष्काळाचे दिवस होते. रात्री एक चोर घरात शिरून तुळईवर लपला. चेन शीनं तो पाहिला, पण आरडाओरडा केला नाही. त्यानं मुलानातवंडांना उठवून बोलावलं आणि माणूस जन्मतः वाईट नसतो, सवयीनं बिघडतो, असा उपदेश सुरू केला. मग वर बोट करून म्हणाला, ‘जसे हे तुळईवरचे सद्गृहस्थ!’ चोर खाली उतरून पाया पडला. त्याला कापडाचे दोन तागे देऊन पाठवण्यात आलं. चीनमध्ये आजही चोराला तुळईवरचा सद्गृहस्थ म्हणतात. चेन शीच्या अंत्यविधीला 30 हजारांवर लोक जमले, अशी नोंद आहे.

खरा परिणाम घडवला तो त्याच्या नातवानं. इ.स. 220 मध्ये चेन छुन यानं सरकारी नेमणुकांसाठी ‘नऊ दर्जां’ची पद्धत आखली. हेतू गुणी माणसं निवडण्याचा होता. प्रत्यक्षात काही पिढ्यांतच दर्जा ठरू लागला तो घराणं पाहून. एकदा घराण्यावर नोकरी मिळू लागली की वंशावळ हा देवघरातला नव्हे, बाजारातला कागद होतो. पुढे चारशे वर्षं ज्याला वर चढायचं त्याला चांगले पूर्वज लागले, आणि ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी ते मिळवले. दक्षिणेत चेन बाश्येन हा बेताच्या घरातला सेनानी इ.स. 557 मध्ये सम्राट झाला आणि त्यानं घराण्याला चेन हेच नाव दिलं. दरबारी इतिहासात तो अर्थातच यिंगछ्वानच्या चेन शीचा वंशज ठरला. उत्तरेकडे इ.स. 496 मध्ये उत्तर वेईच्या शिएनपेई राजानं आपल्या लोकांना चिनी आडनावं घ्यायला लावली. तेव्हा हौमोचेन नावाचं गवताळ प्रदेशातलं एक कुळ नावाचा पुढचा भाग गाळून नुसतं चेन झालं. घोड्यावर वाढलेल्या या मंडळींचे वंशजही पुढे यिंगछ्वानची पाटी लावू शकत होते.

रक्ताचा धागा याही आधी तुटलेला दिसतो. तिसऱ्या शतकातला मंत्री चेन च्याओ हा जन्मानं लिऊ, मामाच्या घरी दत्तक गेला म्हणून चेन. पुढे त्यानं लिऊ घराण्यातलीच मुलगी केली. समान कुळातलं लग्न म्हणून कुजबूज सुरू झाली, तेव्हा सत्ताधीश त्साओ त्साओनं हुकूम काढून निंदकांची तोंडं बंद केली. माणूस कामाचा असेल तर सत्ताधारी गोत्राचा प्रश्न सोडवून देतो!

दक्षिणेकडच्या फूच्येन प्रांतात वेगळी पाटी लागते: गुशी. इथल्या चेनांचा लाडका पूर्वज म्हणजे चेन युआनग्वांग (657–711). त्यानं डोंगरी भागात लष्करी मोहिमा केल्या आणि 686 मध्ये झांगझौ जिल्हा वसवला. आज तो देव आहे. सिंगापूरमधलं तान कुळाचं पो च्याक केंग हे 1870च्या दशकात बांधलेलं मंदिर त्याचंच. तो हनानमधल्या गुशीहून आला, असं वंशावळी सांगतात. पण फूच्येनमध्ये चेनच काय, लिन, हुआंग, झेंग सगळेच गुशीचे असतात. याचं कारण सोंग काळातला इतिहासकार झेंग च्याओ (1104–1162) यानं नऊशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. नवव्या शतकाच्या अखेरीस गुशीच्या सैनिकांसह आलेला वांग शनजी फूच्येनचा शासक झाला. गाववाल्यांना त्याच्या राज्यात झुकतं माप होतं, म्हणून जो तो आपलं गाव गुशी सांगू लागला. झेंग च्याओच्या मते हा सारा गोंधळ आहे. त्याचं स्वतःचं आडनावही त्या यादीत मोडतं, हे ध्यानात घेतलं तर त्याच्या सडेतोडपणाला दाद द्यावीशी वाटते.

तरीही ‘वंशावळी म्हणजे थापा’ असं म्हणून मोकळं होणं आळशीपणाचं ठरेल. कुळ कागदावर जन्मलं तरी त्याचा संसार खरा असतो. च्यांगशी प्रांतातल्या देआनचे ‘यीमन’ (‘नीतिमान घर’) चेन हे याचं टोकाचं उदाहरण. इ.स. 731 मध्ये चेन वांग नावाचा माणूस तिथे स्थायिक झाला आणि त्याच्या वंशजांनी वाटणी करायचीच नाही असं ठरवलं. 890 मध्ये चेन छोंग या कुटुंबप्रमुखानं घराचे नियम लिहून काढले. शेती कोण पाहील, भांडार कुणाकडे, चुकल्यास शिक्षा काय, हे सगळं त्यात ठरलेलं. सोंग राजवंशाच्या अधिकृत इतिहासात नोंद आहे की तेरा पिढ्यांनंतर घरात 700 माणसं होती, नोकर किंवा उपस्त्री एकही नव्हती. जेवायला सगळे एका मोठ्या दालनात बसत, लहान मुलांची पंगत वेगळी. शंभरावर कुत्रीही एकाच द्रोणीत खात. एखादं आलं नसलं तर बाकीची तोंड लावत नसत. कुत्र्यांवर किती विश्वास ठेवायचा ते सोडा, त्याच इतिहासातला पुढचा तपशील अधिक बोलका आहे. एवढ्या तोंडांना धान्य पुरेना, म्हणून सम्राटानं दरवर्षी 2 हजार शी (हे धान्याचं एक माप) धान्य उसनं द्यायला सुरुवात केली. पुढच्या कुटुंबप्रमुखानं त्यातलं निम्मंच उचललं. काटकसरीनं खाल्लं तर सुगीपर्यंत निभेल, असं त्याचं म्हणणं. महागाईत जास्तीचं धान्य विकून पैसे करा, हा सल्ला त्यानं मानला नाही.

शेवटी वाटणी झालीच, तीही सम्राटाच्या हुकमानं. 1062 मध्ये सुमारे 3,900 माणसांचं हे खटलं मोडण्याचा आदेश निघाला आणि वंशावळींनुसार 291 शाखा देशभर पांगल्या. कौतुकाच्या पाट्या देणाऱ्या दरबाराला एवढी मोठी एकजूट कधीतरी खुपणारच. आज दक्षिण चीनमधले असंख्य चेन स्वतःला या 291 शाखांपैकी एकीचे म्हणवतात, आणि त्यांतले काही खरोखर असतीलही.

चीनच्या सीमेबाहेर एका चेन शाखेनं तर राजवंशच स्थापला. त्रान घराण्याचे पूर्वज फूच्येनहून आलेले. आजच्या व्हिएतनामच्या नामदिन्ह भागात ते मासेमारीवर गबर झाले. 1225 मध्ये त्रान थू दोनं आपल्या आठेक वर्षांच्या पुतण्याचं लग्न ली घराण्याच्या बालराणीशी लावलं आणि तिच्याकडून नवऱ्याच्या नावे गादी लिहून घेतली. सोयरिकीनं राज्य कसं जातं हे त्यांनी स्वतःच दाखवून दिलं होतं, म्हणून पुढे त्रान राजांनी आपापसातच लग्नं केली. समान आडनावात विवाह नको हा चिनी कुळांचा पहिला नियम, तो त्यांनी उलटा फिरवला. 1232 मध्ये ली आडनावाच्या लोकांना न्गुयेन व्हायला लावलं. कारण दाखवलं ते असं की राजाच्या आजोबांचं नाव ली होतं आणि ते उच्चारणं निषिद्ध! 1400 मध्ये हो क्वी ली यानं त्रानांची गादी घेतली. तो स्वतःला कुणाचा वंशज म्हणवत होता? चेनच्या हू गोंगचा, म्हणजे शुनचाच. देशाचं नावही त्यानं शुनच्या कुळावरून ‘दाई न्गू’ ठेवलं.

एकोणिसाव्या शतकात ग्वांगडोंग प्रांतातल्या 72 तालुक्यांतले चेन ग्वांगझौ शहरात एकत्र आले. त्यांच्यात खरं नातं किती, हा प्रश्न कुणी विचारला नाही. पैसे जमले, 1894 पर्यंत 19 इमारती आणि सहा चौकांचं भव्य संकुल उभं राहिलं. नाव दिलं ‘चेन कुळ विद्यालय’, कारण अनेक तालुक्यांच्या अशा एकत्रित कुलगृहांकडे सरकार संशयानं पाही. परीक्षेला, कर भरायला किंवा कोर्टकचेरीला शहरात येणाऱ्या चेनांची इथे राहायची सोय होती. वर्गणी देणाऱ्या शाखेच्या पूर्वजाची पाटी मुख्य दालनात लागे. 1905 मध्ये राजपरीक्षाच बंद झाल्या. आज तिथे लोककलांचं संग्रहालय आहे, आणि छपरावरच्या रंगीत मातीकामाचे फोटो काढायला येणाऱ्यांत चेन किती हे कुणी मोजत नाही.

याच प्रांतातल्या ‘सी यिप’, म्हणजे चार तालुक्यांच्या, भागातून माणसं अमेरिकेला गेली आणि मुंबईलाही आली. माझगावातलं सी यिप कून हे चिनी देऊळ त्यांचंच. अमेरिकेत 1882 पासून चिनी मजुरांना बंदी होती, पण नागरिकाच्या मुलाला प्रवेश मिळे. 1906च्या भूकंपात आणि आगीत सॅनफ्रान्सिस्कोचे जन्मदाखले जळाले. मग अनेकांनी आपला जन्म तिथलाच असल्याचं सांगितलं आणि गावी आपल्याला मुलगे असल्याची नोंद केली. त्या ‘कागदी मुलग्यां’च्या जागा विकल्या जाऊ लागल्या. चेन मुलगा वाँग होऊन उतरे, वाँग मुलगा चिन होऊन. घराला पायऱ्या किती, विहीर कोणत्या बाजूला, असे प्रश्न सॅनफ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावरचे अधिकारी विचारत, म्हणून उत्तरं पाठ करून जावं लागे. 1956 नंतर कबुलीची सरकारी योजना आली. कित्येकांनी तरीही कागदावरचंच आडनाव ठेवलं आणि कुळाच्या मंडळात मात्र जन्माचं नाव सांभाळलं.

उलटाही प्रकार झाला. इंडोनेशियात 1966 नंतर चिनी नावं बदलण्याचा दबाव आला, तेव्हा तान मंडळींनी सुतांतो, हार्तांतो, तानोतो अशी नावं घेतली. ऐकायला इंडोनेशियन, पोटात तान शाबूत. नुसत्या उच्चारावर विसंबणाऱ्याची मात्र फसगत होते. शांतिनिकेतनात 1937 मध्ये सुरू झालेल्या चीना भवनाचे प्राध्यापक तान युन-शान यांचा सिंगापूरच्या तानांशी संबंध नाही, त्यांचं अक्षरच निराळं. आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये ‘क दिह्वा’ झाले, तेव्हा त्यातलं ‘क’ हेही एक जुनं, नांदतं चिनी आडनाव होतं.

या सगळ्या नोंदींत बाया जवळपास नाहीत. लग्न झालेली चेन मुलगी नवऱ्याच्या वंशावळीत ‘चेन-शी’, म्हणजे चेन कुळातली, एवढीच उरे, आणि माहेरच्या पोथीत बहुधा तेवढीही नसे. चीनच्या 1980च्या विवाह कायद्यानं मुलांना आईचं आडनाव लावायची स्पष्ट मोकळीक दिली. कन्फ्यूशियसच्या खुंग कुळानं 2009 मध्ये नवी वंशावळ छापली, तिच्यात 20 लाखांवर नावं होती आणि पहिल्यांदाच मुलींचीही. चेनांची अशी एकच पोथी नाही. सांस्कृतिक क्रांतीत जळालेल्या प्रती आठवणीतून, परदेशी गेलेल्या भाऊबंदांच्या कपाटांतून आणि ग्रंथालयांतून जमवून गावोगावचे चेन 1980 नंतर पुन्हा छापू लागले. लेकीचं आणि तिच्या मुलांचं नाव घ्यायचं की नाही, हे प्रत्येक शाखेचं संपादक मंडळ आपापलं ठरवतं.