ट्रेलर बाजूला सरकवताना : जोर कुठे लागतो, कुठे वाया जातो

रायपूरच्या उत्तरेला उरला, भनपुरी आणि सिलतरा या पट्ट्यात लोखंडाच्या कारखान्यांच्या आधाराने गोदामं आणि शेड वाढत गेली आहेत. सळया, कॉइल, प्लेटा वाहणारे चाळीस फुटी ट्रेलर तिथे दुरुस्तीसाठी किंवा पुढचं भाडं मिळेपर्यंत छपराखाली उभे राहतात. पुढचा घोडा, म्हणजे इंजिनाची गाडी, सोडून नेली की मागचा ट्रेलर आपल्या मागच्या चाकांवर आणि पुढच्या दोन लोखंडी पायांवर उभा असतो. मग शेजारी एखादं यंत्र बसवायचं ठरतं, किंवा ट्रेलर खांबाला फार चिकटून लागलाय हे उशिरा लक्षात येतं, आणि तो मीटरभर बाजूला घ्यायची वेळ येते. ‘रिकामाच तर आहे, ओढा’ हा सल्ला अशा वेळी सगळ्यांत आधी मिळतो. या सल्ल्यामागची समजूतच मुळात चुकीची आहे. ट्रेलर बाजूला सरकवण्यात जोराला दुय्यम महत्त्व आहे. खरा प्रश्न ट्रेलर जमिनीला कसा टेकलेला आहे हा आहे. ते टेकणं न बदलता जोर वाढवत नेला, तर तो जोर ट्रेलर सरकवण्यापेक्षा मोडण्यातच जास्त खर्च होतो.

चाकं आहेत म्हणजे हलवणं सोपं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण चाक एकाच दिशेला चाक असतं. ट्रकचा टायर सरळ गडगडत असताना त्याला वजनाच्या शंभरातला एखादा भागच विरोध होतो. रिकामा ट्रेलर आठ टनांचा धरला, तर सपाट जमिनीवर पुढे-मागे न्यायला ऐंशी किलोंच्या आसपास ओढ पुरते. तोच ट्रेलर आडवा ओढला की चाकाचं गडगडणं संपतं आणि रबर काँक्रीटवर घासत नेणं सुरू होतं. कोरड्या काँक्रीटवर हा विरोध वजनाच्या ६० ते ८० टक्के असतो, म्हणजे जवळपास साडेपाच टनांची ओढ. पुढचं काही वजन लोखंडी पायांवर असतं आणि लोखंड रबरापेक्षा थोडं कमी धरतं; तरी हिशेब टनांतून किलोंत येत नाही. माल भरलेला असेल तर विषयच संपला. २०१८ साली केंद्र सरकारने तीन ॲक्सलच्या गटाची वजनमर्यादा २४ टनांवरून २७ टन केली. तेवढं वजन चाकांवर असताना आडवं ओढायला एकोणीस टनांच्या आसपास जोर लागेल. म्हणून आधी माल उतरवायचा, मग बाकीचं बोलायचं.

याला जोडूनच दुसरी समजूत येते, की टायर जास्त म्हणून पकड जास्त, तेव्हा काही टायरांची हवा सोडली की काम हलकं होईल. फ्रेंच शास्त्रज्ञ गियोम आमोंताँ याने १६९९ साली मांडलेला घर्षणाचा नियम असा, की घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं, टेकलेल्या जागेच्या आकाराशी त्याचा संबंध नसतो. रबर हा नियम तंतोतंत पाळत नाही, पण बिघाड उलट्या दिशेचा आहे : दाब कमी होऊन जागा पसरली की रबराची पकड किंचित वाढतेच. हवा सोडल्याने आणखी एक नुकसान होतं. टायरची कड रिमला धरून बसलेली असते ती हवेच्या दाबामुळेच, आणि आडवी ओढ बसताच ती कड रिमवरून निसटू शकते.

यावर अनुभवी ड्रायव्हर एक रास्त आक्षेप घेईल. तीन ॲक्सलचा ट्रेलर चौकात घट्ट वळतो तेव्हा त्याची मागची चाकं आडवी घासतातच, रस्त्यावर काळे पट्टे उमटतात, तरी काही मोडत नाही. निरीक्षण बरोबर आहे. मात्र तिथे चाक फिरत असतं. फिरणाऱ्या टायरचा नवा नवा भाग जमिनीला टेकतो आणि प्रत्येक भाग थोडा थोडा बाजूला ढळतो. त्यामुळे फिरतं चाक बाजूला न्यायला थांबलेल्या चाकापेक्षा खूपच कमी ओढ लागते. यातून सगळ्यांत स्वस्त उपाय निघतो : घोडा जोडा आणि पुढे-मागे करत ट्रेलर बाजूला घ्या. बाहेरच्या आवारात हेच करावं, त्यापेक्षा शहाणपणाचं काही नाही. शेडच्या आत मात्र भूमिती आडवी येते. ट्रेलर दहा अंशांत तिरका धरला तर मीटरभर बाजूला जायला पावणेसहा मीटर पुढे जावं लागतं, आणि तिरका करायची व पुन्हा सरळ करायची जागा वेगळी. शिवाय बारा मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद ट्रेलर दहा अंशांत तिरका झाला की साडेचार मीटरहून अधिक रुंदी अडवतो. खांबांच्या दोन ओळींमध्ये एवढी मोकळी रुंदी असती, तर बहुधा ट्रेलर हलवायची वेळच आली नसती.

‘आम्ही लोडरने ओढलाय, सरकला की,’ हा दुसरा आक्षेप. सरकतो, हे खरंच आहे. पाच टनांचा जोर लावणारं यंत्र रायपुरात सहज मिळतं. पण तो जोर ट्रेलरच्या कोणकोणत्या भागांतून जमिनीपर्यंत पोचतो ते पाहायला हवं. पुढचे पाय उभं वजन पेलण्यासाठी बनवलेले असतात. त्यांच्या तळाला जमीन धरून ठेवते आणि वरचा भाग बाजूला ओढला जातो, तेव्हा ते गुडघ्यातून वाकतात. मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, त्यांचे बुश आणि ॲक्सल जागेवर ठेवणारे दांडे यांच्यावर इतकी मोठी आडवी ओढ बसते. त्या दिवशी काही दिसत नाही. पुढे महामार्गावर टायर एका बाजूने झिजू लागले की कारण शोधलं जातं. साखळी चासीला, म्हणजे जमिनीपासून मीटरभर उंचीवर बांधलेली असते, त्यामुळे ओढीबरोबर ट्रेलर कलण्याचाही प्रयत्न करतो आणि बरंचसं वजन ओढणाऱ्या बाजूच्या टायरांवर गोळा होतं. आणखी एक गोष्ट म्हणजे थांबलेल्या वस्तूचं घर्षण सरकणाऱ्या वस्तूपेक्षा जास्त असतं. दोर ताणत जातो, ट्रेलर अडून बसतो, आणि एका क्षणी सुटून उडी घेतल्यासारखा पुढे येतो. त्या उडीच्या वाटेत खांब असतो, कधी माणूस.

मग पाणी किंवा तेल ओता, असं सुचवलं जातं. याला थेट इजिप्तचा दाखला देता येतो. सुमारे ३,९०० वर्षांपूर्वीच्या जेहुतीहोतेपच्या थडग्यातल्या चित्रात प्रचंड पुतळा घसरगाडीवरून ओढला जातोय आणि गाडीपुढे उभा असलेला एक जण जमिनीवर द्रव ओततोय. २०१४ साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी दाखवून दिलं की वाळू योग्य प्रमाणात ओली केली तर ओढ जवळपास निम्मी होते. मात्र तिथे पाणी वंगण म्हणून काम करत नाही. ते वाळूचे कण बांधून ठेवतं, म्हणून गाडीपुढे वाळूचा ढीग साचत नाही. काँक्रीटवर साचण्यासारखी वाळूच नाही. गुळगुळीत फरशीवर पाण्याने पकड थोडी घटते, पण खरबरीत काँक्रीटचे उंचवटे रबरात रुततच राहतात. तेलाने घटते, पण तेल रबर फुगवतं आणि काँक्रीटमध्ये मुरून बसतं. पुढे महिनोन्महिने त्याच जागेवर फोर्कलिफ्ट घसरत राहते. वंगण वापरायचंच असेल तर दोन लोखंडी प्लेटांच्या मध्ये ग्रीस लावून त्या टायरखाली घालतात. तेव्हा ग्रीस फरशीला लागत नाही आणि ओढही टनाच्या आत येते.

उचलून ठेवण्याबद्दलचे गैरसमज अधिक धोक्याचे आहेत. चौदा टनांचा हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, आठ टनांचा ट्रेलर सहज उचलेल असं मानलं जातं. चौदा टन हा आकडा बूम जवळात जवळ असतानाचा असतो. बूम लांब केला की क्षमता झपाट्याने घसरते, आणि छप्पर बूम उभा करू देत नाही. तीन टनांच्या फोर्कलिफ्टचे आकडेही वजनाचा मध्य काट्यांच्या मुळापासून अर्ध्या मीटरवर आहे असं धरून दिलेले असतात. ट्रेलरचा मध्य सव्वा मीटर आत असतो, तेव्हा खरी क्षमता निम्म्याच्या आसपास उरते. सगळ्यांत वाईट पद्धत जॅकवर उचलून धक्का देण्याची, म्हणजे ट्रेलर जॅकवरून ढळून बोटभर बाजूला पडेल. जॅक फक्त उभं वजन पेलतो. आडवा धक्का बसला की तो कलंडतो, आणि त्या वेळी खाली कोणी असेल तर सावरायला वेळ मिळत नाही. ही पद्धत कुठल्याही कारणाने समर्थनीय नाही.

योग्य उत्तर रेल्वेने फार पूर्वी शोधून ठेवलंय. रुळावरचा डबा बाजूला सरकूच शकत नाही. बॉक्सएन वाघीण, म्हणजे मालगाडीचा उघडा डबा, रिकामी असतानाही साडेबावीस टनांच्या आसपास भरते. तरीही रेल्वेच्या कारखान्यांत गाड्या एका रुळावरून शेजारच्या रुळावर रोज नेल्या जातात. त्यासाठी ट्रॅव्हर्सर असतो : आडव्या रुळांवर चालणारा एक सपाट मंच. डबा गडगडत मंचावर येतो, मंच गडगडत बाजूला जातो, डबा पुन्हा गडगडत उतरतो. घासण्याचा प्रसंगच येत नाही. शेडमधल्या ट्रेलरसाठी हेच काम मशीन स्केट करतात, म्हणजे जड यंत्रं हलवण्याच्या बुटक्या चाकगाड्या. ट्रेलर जॅकने दोन-तीन सेंटिमीटर उचलायचा, स्केट आडव्या दिशेने ठेवून त्यांवर उतरवायचा. आठ टनांची ओढ आता १६० ते ४०० किलोंवर येते. एक टनाची चेन पुली पुरते. चासी उचलली की ॲक्सल खाली लोंबतात, म्हणून ते आधी साखळीने चासीला बांधून घेतात. स्केट चार कोपऱ्यांत चार ठेवण्यापेक्षा तीन टेकू चांगले, पुढे मध्यभागी एक आणि मागे दोन. फरशी कुठेही तंतोतंत सपाट नसते, आणि चारांतला एक अधांतरी राहिला की वजन उरलेल्यांवर कसंही वाटलं जातं. म्हणून एकेका स्केटची क्षमता हिशेबापेक्षा बरीच जास्त घ्यावी.

इथे फरशीचा प्रश्न उभा राहतो, आणि रायपूरमध्ये त्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. टायर फरशीवर साधारण आपल्या हवेच्या दाबाइतकाच दाब टाकतो, चौरस सेंटिमीटरला सात-आठ किलो. स्केटचं छोटं, कडक चाक तेच वजन बोटभर रेघेवर टेकवतं. एम-२० काँक्रीट चौरस सेंटिमीटरला २०० किलोंच्या आसपास पेलतं, पण तो आकडा अखंड ठोकळ्याचा. फरशीच्या सांध्याची कड त्याआधीच उडते. त्यात छत्तीसगडी शेतकरी ज्या काळ्या मातीला कन्हार म्हणतो, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. अशा मातीवरच्या फरशीखाली पोकळी राहते, सांधे वर-खाली होतात. स्केटच्या वाटेवर लोखंडी प्लेटा अंथरल्या की वजन पसरतं आणि सांधाही ओलांडता येतो. भिलाईच्या पोलाद कारखान्यातच प्लेट मिल आहे, त्यामुळे या भागात प्लेट मिळणं अवघड नाही. हवेच्या गाद्यांवर तरंगवण्याचं तंत्र याहून हलकं आहे, पण त्याला अभंग, गुळगुळीत फरशी लागते. सांध्यातून हवा निसटली की गादी बसते. इथल्या जुन्या शेडमध्ये ते चालणार नाही.

एवढा खटाटोप मीटरभरासाठी कशाला, दिवस मोडतो, असं मालक म्हणेल. दिवस मोडतो तो बहुतेक तयारीत. प्रत्यक्ष सरकणं काही मिनिटांचं असतं. आणि त्या काही मिनिटांसाठी एक सावधगिरी अशी, जी ओढून नेणाऱ्याला कधी घ्यावी लागली नव्हती. रबराचं घर्षण त्रास देत होतं, तसं तेच ट्रेलरला धरूनही ठेवत होतं. स्केटवर ते उरत नाही. शंभराला दोनचा उतार असलेल्या फरशीवर आठ टनांचा ट्रेलर १६० किलोंच्या ओढीने खाली खेचला जातो, स्केट हलके फिरत असतील तर आपोआप निघूही शकतो, आणि पाणी निचरावं म्हणून कित्येक शेडना असा उतार मुद्दाम दिलेला असतो. तेव्हा ट्रेलर स्केटवर उतरवण्याआधी समपातळी काढून उतार कुठे आहे ते पाहायचं, ओढणाऱ्या चेन पुलीच्या विरुद्ध बाजूला धरून ठेवणारी दुसरी चेन पुली लावायची, आणि एक सैल करत दुसरी ओढायची. पाचर हातात घेतलेला माणूस बाजूला उभा असावा, उताराच्या खालच्या अंगाला कोणीही नसावं.