पाण्यातून उगवणारा वाघ

वहीचं एक पान आंब्यावर चिकटवून पाहा. सुरकुत्या पडल्या ना? दोष तुमच्या हाताचा नाही. सपाट पान ताणल्या-फाडल्याशिवाय गोलावर बसतच नाही, हे गणितज्ञ गाउसने १८२७ मध्ये गणितानं दाखवून दिलं.

मग गाडीच्या डॅशबोर्डवर, अगदी खोबणीतसुद्धा उतरलेली ती लाकडाची नक्षी येते कुठून? बरेचदा, चक्क पाण्यातून!

आधी नक्षी छापतात पॉलिव्हिनिल अल्कोहोलच्या पातळ फिल्मवर. हे प्लॅस्टिक पाण्यात विरघळतं. वॉशिंग मशीनमध्ये टाकली की वेष्टणासकट गायब होणारी ती डिटर्जंटची कॅप्सूल आठवते? तिचं वेष्टण याचंच. फिल्म कोमट पाण्यावर अलगद पसरतात. मिनिटभरात ती पाणी पिऊन दुधावरच्या सायीसारखी लिबलिबीत होते. वरून ॲक्टिव्हेटरचा फवारा मारला, की वाळलेली शाई पुन्हा ओली! आपण परातीतल्या पाण्यावर रांगोळी काढतो ना, तसं आता टाकीत नुसतं चित्र तरंगत असतं.

आता हेल्मेट घ्या. तिरकं धरा, सावकाश बुडवा. सरळ दाबलंत तर खाली हवा अडकेल आणि तिथे चित्राला भोक पडेल. हेल्मेट खाली जातं तसतसं पाणीच चित्राला त्याच्या अंगावर दाबत जातं, प्रत्येक खाचेत, एकाच वेळी. कुठल्या कारागिराला इतके हात असतात? मग उरलेली फिल्म धुवायची, वाळवायचं, वर पारदर्शक लॅकर.

म्हणजे गाउस हरला? छे! चित्र ताणलं गेलंच. फक्त साय ताणली जाताना कागदासारखी चुरगळत नाही. आणि लाकडाची रेघ जरा लांबली, तर कोणाला कळतंय? पण मुखवट्यावर वाघाचा चेहरा हवा असेल तर? डोळा घसरून गालावर यायचा!

२०१५ मध्ये चीनमधलं झेजियांग आणि अमेरिकेतलं कोलंबिया या विद्यापीठांच्या संशोधकांनी यावर नामी युक्ती काढली. फिल्म कुठे किती ताणली जाईल याचा हिशेब संगणकानं आधीच मांडला आणि तितकंच उलटं बिघडवलेलं चित्र छापलं. फुग्यावर नाव लिहायचं तर फुगवण्याआधी अक्षरं बारीक काढावी लागतात, तसं. वस्तू नेमकी कुठे आणि कशी धरलीय, हे कॅमेऱ्यानं टिपलं, बुडवलं यंत्रानं.

असा वाघ पाण्यावर तरंगताना पाहिलात, तर म्हणाल, छपाई फसली. मुखवटा बाहेर येऊ द्या. डोळ्याच्या जागी डोळा!