अकरावा आकडा

"साहेब, फोनकडे पाहू का पायाकडे पाहू, थे सांगा."

विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्राच्या सायडिंगवर आमच्या ॲपची पहिली चाचणी या प्रश्नापाशी अडली. विचारणारे यार्डातले सगळ्यात जुने कारकून. सगळे त्यांना काकाजी म्हणत, मग आम्हीही म्हणू लागलो. रात्रीचे साडेअकरा. त्यांच्या एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात आमचा फोन, पायाखाली खडी आणि डोक्यावर 25 हजार व्होल्टची तार. चार डबे होईस्तोवर ते दोनदा ठेचकाळले होते. ॲपचा दिवा इतका प्रखर होता की पडद्यावरून नजर उचलली की पुढचे काही क्षण सगळा काळोख. पुण्याच्या वातानुकूलित खोलीत तोच पडदा आम्हाला फार देखणा वाटला होता.

मालडब्याला मराठीत वाघीण म्हणतात, पण सायडिंगवर हा शब्द मला एकदाही ऐकू आला नाही. तिथं डब्बा, फार तर वॅगन. कोळशाची रेक येते ती साधारण 58 उघड्या डब्यांची, बॉक्सएन जातीची. एक डबा पावणेअकरा मीटरांचा, म्हणजे रेक सव्वासहाशे मीटरच्या आसपास. रेक लागली की पहिलं काम 'नंबर घेणं'. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत प्रत्येक डब्याचा नंबर वहीत उतरवायचा. सोबत दार वाकलंय का, हँडब्रेक मोकळा आहे का, हेही टिपायचं. मग डबे एकेक करून टिपलरवर जातात. तो डब्याला कवेत घेऊन कुशीवर उलटवतो आणि कोळसा खाली हॉपरमध्ये पडतो. पावसाळ्यात ओला कोळसा तळाला चिकटून बसतो, तेव्हा तो कोणत्या डब्यात राहिला हेही लिहावं लागतं.

ठरलेल्या वेळेत रेक रिकामी झाली नाही, तर डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड. आम्ही काम करत होतो तेव्हा त्याचा दर डब्यामागे तासाला 150 रुपये होता. 58 डब्यांचे 8,700 रुपये, आणि अर्धवट तासही पूर्ण धरतात. त्यामुळे ॲप मागणाऱ्यांना वाटत होतं की कारकुनाचं लिहिणं जलद व्हावं. आम्हालाही तसंच वाटलं. वही पाहिल्यावर कळलं की लिहायला वेळ लागतच नव्हता. काकाजी एक नंबर दहा सेकंदांत उतरवत. वेळ जात होता तो चुकलेल्या नंबरापायी. वही ऑफिसात जाणार, तिथं कुणीतरी ते नंबर संगणकात घालणार, रेल्वेकडून आलेल्या यादीशी ताडून पाहणार, दोन जुळणार नाहीत, आणि मग एक माणूस विजेरी घेऊन पुन्हा त्या सव्वासहाशे मीटरच्या वाटेला लागणार. चूक डब्यापाशीच सापडली तर सुधारायला एक सेकंद पुरतो. ऑफिसात सापडली की अर्धा-पाऊण तास गेलाच. आमचं खरं काम चूक सापडण्याची जागा बदलण्याचं होतं.

हे करायची सोय रेल्वेनं नंबरातच करून ठेवली आहे. डब्याचा नंबर अकरा आकडी असतो. पहिले दोन आकडे डब्याची जात सांगतात, पुढचे दोन कोणत्या रेल्वेचा ते (01 म्हणजे मध्य, 08 म्हणजे पश्चिम), त्यापुढचे दोन बांधणीचं वर्ष आणि नंतरचे चार त्याचा स्वतःचा क्रमांक. अकरावा आकडा पहारेकरी. आधीच्या दहांपैकी दुसरा, चौथा, सहावा, आठवा आणि दहावा यांची बेरीज करून तिची तिप्पट करायची. तिच्यात उरलेल्या पाचांची बेरीज मिळवायची. पुढच्या शून्यान्त संख्येला जेवढे कमी पडतात तो अकरावा आकडा. समजा नंबर 10 01 12 3845 आहे. सम जागांची बेरीज 16, तिप्पट 48, विषम जागांची 9, एकूण 57. साठाला तीन कमी, म्हणून अकरावा आकडा 3. दहांतला कुठलाही एक आकडा चुकला तरी हे गणित फिसकटतं. फोन ते क्षणात करतो आणि थरथरून सांगतो. कोळशाच्या धुळीत 6 आहे की 8 हे दिसत नसेल, तर काकाजी अंदाजानं एक घालत आणि फोन गप्प राहिला की पुढं सरकत. ही युक्ती आमच्या आराखड्यात नव्हती.

पायांच्या प्रश्नावर तोडगा असा निघाला: चालताना पडदा आपोआप काळा होईल, आणि एकानं विजेरी धरून नंबर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं सुरक्षित जागी उभं राहून तो घालायचा. पडदा काळा, अक्षरं मंद केशरी, बटणं अंगठ्याएवढी. मे महिन्याच्या उन्हात फोन तापून बंद पडले, पावसात ओल्या बोटांना पडद्यानं ओळख दिली नाही, दोन रेकांच्या मधल्या लोखंडी गल्लीत नेटवर्क मेलं. पण हे त्रास ओळखीचे असतात आणि त्यांवर उपाय सापडतात.

दोन आठवड्यांनी जे दिसलं ते मात्र मी आधी कुठं पाहिलं नव्हतं. फोननं बरोबर म्हटलेले नंबर यादीशी जुळेनात. सगळ्या चुका एकाच घराण्यातल्या: 38 च्या जागी 83, 16 च्या जागी 61, 27 च्या जागी 72. वर दिलेल्या नंबरात 38 चे 83 करून पाहा. सम जागांची बेरीज 11, तिप्पट 33, विषम जागांची 14, एकूण 47. पन्नासाला पुन्हा तीनच कमी. शेजारच्या दोन आकड्यांत पाचाचा फरक असेल आणि ते आपसांत बदलले, तर पहारेकऱ्याला काही कळत नाही. हे गणितात आहेच, आम्हीच ते वेळेवर आठवलं नव्हतं.

पण आकडे उलटत का होते? हे समजायला मी एक रात्र जोडीच्या मागं मागं फिरलो. वाचणारा नंबर जोड्यांनी म्हणत होता: अडतीस, पंचेचाळीस. अडतीस ऐकताना कानावर आधी आठ येतात, मग तीस. वही असती तर पूर्ण शब्द ऐकून हात 38 लिहिता. पण बटणं दाबणारं बोट अधीर असतं. 'अड' ऐकलं की ते 8 वर गेलेलं असतं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा राज्यभर झालेल्या गदारोळात मीही टिंगल करणाऱ्यांतच होतो. त्या रात्री दोन रुळांच्या मध्ये उभं राहून मला ती टिंगल मनातल्या मनात मागं घ्यावी लागली.

आम्ही दोन गोष्टी केल्या. आकडे सुटे म्हणायचे: तीन, आठ, चार, पाच. आणि रेकची यादी आधीच फोनमध्ये उतरवून घ्यायची, म्हणजे घातलेला नंबर यादीत नसेल तर तिथंच कळेल. यादी पडद्यावर दाखवून नुसती खूण करायला लावा, असं वरून सुचवलं गेलं. त्याला मी हट्टानं विरोध केला. खूण करणारा माणूस तिसऱ्या डब्यानंतर डब्याकडे बघत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. आता रेल्वे डब्यांना आरएफआयडी टॅग लावते आहे. ते सर्वत्र पोचले की नंबर घेण्याचं काम रुळालगतचं यंत्र करील. वाकलेलं दार टॅग सांगत नाही, त्यासाठी विजेरीवाला लागेल.

एक गोष्ट तेवढी आम्हाला हटवता आली नाही. बिघडलेला डबा ॲपमध्ये 'सिक' नोंदवला की काकाजी खिशातून खडू काढून डब्याच्या अंगावरही तसं लिहीत. एकच काम दोनदा कशाला, असं मी विचारलं.

"टिपलरवाल्याजवळ कुठं तुमचा फोन आहे?" ते म्हणाले.

टिपलर चालवणाऱ्याला फोन द्यायचा विचार आम्ही केला आणि सोडला. त्याचे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे कामात असतात. डब्यावरचं लिखाण त्याला मान न वळवता दिसतं. पासवर्ड लागत नाही, चार्जिंग लागत नाही. फक्त पावसात पुसलं जातं, म्हणून काकाजी ते काठाच्या आडोशाला लिहीत.

पुढच्या तिमाहीच्या खर्चात मी खडूच्या दोन पेट्या धरल्या. मोबाइल ॲपच्या खर्चात खडू कशासाठी, असा शेरा हिशेब खात्याकडून आला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: ऑफलाइन नोंदणी.