दोन डगरींवर पाय

राज्यकारभार विश्वासावर चालतो. तलाठी सातबाराच्या उताऱ्यावर नोंद करतो, अभियंता रस्त्याच्या कामाची तपासणी करतो, तहसीलदार पिकाच्या नुकसानीचे कागद पाहतो. या सर्वांना वेतन मिळते ते जनतेने भरलेल्या करांतून. म्हणून त्यांचा धनी एकच, आणि तो म्हणजे जनता. राखणीसाठी घातलेले कुंपणच शेत खाऊ लागले, तर शेतकऱ्याने कोणाकडे पाहावे?

लाच घेणे हा गुन्हा आहे, हे लहानथोर सर्वांस ठाऊक असते. परंतु लाचेच्या अलीकडे आणखी एक पायरी आहे. ती सहसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. समजा, सोलापूर शहरात पाण्याची नवी जलवाहिनी टाकावयाची आहे. पाच ठेकेदारांनी निविदा भरल्या आहेत. त्यांतून एकाची निवड ज्या अधिकाऱ्याने करावयाची, त्याचा मेहुणाच त्या पाचांपैकी एक आहे. अधिकाऱ्याने कोणाकडून एक पैसाही घेतलेला नाही. तरीही त्याचा एक पाय कर्तव्यावर आणि दुसरा नात्यावर आहे. कर्तव्य सांगते, काम चांगले व किफायतशीर करील त्यास ठेका दे. नाते सांगते, घरच्या माणसास विसरू नकोस. या ओढाताणीस ‘हितसंबंधांचा संघर्ष’ असे म्हणतात. अधिकाऱ्याने अगदी न्यायाने निवड केली, तरी उरलेल्या चौघांचा त्यावर विश्वास बसणे कठीण. आणि त्याचे मन किंचित जरी ढळले, तरी कच्च्या नळाचे पाणी प्यावे लागते ते शहराला.

ही पायरी किती निसरडी असते, हे महाराष्ट्राने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच पाहिले आहे. ऑर्थर क्रॉफर्ड हा इंग्रज अधिकारी मोठा कर्तबगार होता. १८६५ साली तो मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर झाला. त्याच्या नावाची मंडई मुंबईत उभी राहिली. तिलाच आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात. पुढे तो पुण्यास मध्य विभागाचा कमिशनर झाला. सोलापूर जिल्हाही त्याच विभागात मोडत असे. मामलेदारांच्या बढत्या व बदल्या यांवर त्याचा मोठा अधिकार चाले. परंतु त्याचा खर्च अफाट होता आणि कर्जाचा डोंगर वाढत होता. ते कर्ज तो आपल्याच अंमलाखालील लोकांकडून घेऊ लागला. हणमंतराव नावाच्या हस्तकामार्फत मामलेदारांकडून पैसे उकळले जातात, असा बोभाटा झाला. १८८८ साली सरकारने क्रॉफर्डला निलंबित केले व चौकशीसाठी आयोग नेमला.

आयोगाने लाचेचा आरोप सिद्ध धरला नाही. परंतु अंमलाखालील लोकांकडून कर्जे घेतल्याचा दोष त्याच्यावर ठेवला. त्यास नोकरी सोडावी लागली. येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की ज्याच्या हाती दुसऱ्याची बढती आहे तो त्याच माणसाचा ऋणको झाला, तर न्यायाचा काटा सरळ कसा राहणार? सावकाराला ‘नाही’ म्हणणे कोणत्याही ऋणकोला जड जाते.

या प्रकरणाची झळ मामलेदारांनाही लागली. खरी साक्ष द्याल तर तुम्हांस अपाय होणार नाही, असे अभय सरकारने त्यांना दिले होते. तरीही पैसे दिल्याची कबुली देणाऱ्या काहींना पुढे नोकरी गमवावी लागली. सरकारने आपला शब्द पाळावा, म्हणून लोकमान्य टिळकांनी तेव्हा मोठी चळवळ केली. साक्षीदाराला दिलेले अभय मोडले, तर पुढच्या वेळी सत्य सांगण्यास कोण धजावेल, हा प्रश्न त्यामागे होता.

अशा अनुभवांतून शहाणे होऊन समाज नियम बांधतो. महाराष्ट्रातील शासकीय सेवकांसाठी १९७९ सालचे वर्तणूक नियम आहेत. ज्यांच्याशी आपल्या कचेरीचा संबंध येतो त्यांच्याकडून कर्ज घेऊ नये, आपल्या मालमत्तेचे विवरण सरकारला द्यावे, आणि ज्या ठेक्यात कुटुंबीयांचा लाभ गुंतला आहे त्याचा निर्णय स्वतः न करता वरिष्ठांकडे सोपवावा, असा त्यांचा आशय आहे. महापालिकांच्या १९४९ सालच्या अधिनियमानुसार, ज्याचा महापालिकेच्या ठेक्यात हिस्सा आहे त्याला नगरसेवक राहता येत नाही. सोलापूर महापालिका १९६४ साली स्थापन झाली. तिलाही हाच अधिनियम लागू आहे.

क्रिकेटच्या सामन्यात आपला भाऊ खेळत असेल, तर शहाणा मुलगा आपण होऊन पंचाची जागा सोडतो. त्यात त्याचा अपमान नाही. उलट, निकालावर दोन्ही संघांचा विश्वास बसतो. अधिकाऱ्याने बाजूस होणे हेही असेच आहे.

तथापि नियम कागदावर असून भागत नाही. त्यांवर लोकांची नजर असावी लागते. त्यासाठी २००५ साली माहितीचा अधिकार देणारा कायदा झाला. त्यानुसार कोणताही नागरिक दहा रुपये शुल्क भरून सरकारी कचेरीकडे माहिती मागू शकतो, आणि कचेरीने सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. सोलापूरच्या त्या जलवाहिनीचा ठेका कोणास, किती रुपयांस व कोणत्या कारणाने दिला, हे विचारावयास कोणी मोठा वकील असण्याची गरज नाही. साध्या कागदावर, स्वच्छ अक्षरात, नेमका प्रश्न लिहिता आला म्हणजे पुरे.