शहराचा कचरा आणि गावाचे शेत

पाली, उत्तन व डोंगरी ही गावे मिरा-भाईंदरच्या पश्चिमेस समुद्रकाठी वसली आहेत. शहराचा कचरा उत्तनच्या डोंगरावरील घनकचरा प्रकल्पात नेला जातो. तेथील मिश्र कचऱ्याचे ढीग, त्यांना लागलेल्या आगी आणि उताराने शेताविहिरींकडे येणारे दूषित पाणी यांविषयी परिसरातील रहिवाशांनी अनेकदा तक्रारी केल्या आहेत. अशा त्रासाचे मोठे कारण म्हणजे सर्व प्रकारचा कचरा एकत्र होणे.

वर्गीकरण : भाजीपाला, उरलेले अन्न व मासळीचे अवशेष हा ओला कचरा, कागद, काच, धातू व प्लॅस्टिक हा सुका, जुन्या बॅटऱ्या, औषधे व रंगाचे डबे हा घातक कचरा होय. २०१६ च्या नियमांनी ही विभागणी घरातच करणे बंधनकारक केले. एकदा मिसळलेला कचरा पुरता वेगळा करता येत नाही.

कुजविणे : ओल्या कचऱ्याच्या लांबट राशी रचतात. हवा आणि ५० ते ६० टक्के ओलावा मिळाला म्हणजे जिवाणूंच्या क्रियेने राशीचे उष्णतामान ५५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्यामुळे रोगजंतू व तणांचे बी बव्हंशी मरते. हवा खेळावी म्हणून राशी वेळोवेळी उलथतात. हवा कोंडल्यास दुर्गंधी सुटते व पेट घेणारा मिथेन वायू तयार होतो. कुजलेले खत शेवटी चाळून घेतात.

भराव : जे कुजत नाही व पुन्हा उपयोगीही पडत नाही, तेवढेच भरावात जावे. भरावाच्या तळाशी ९० सेंटिमीटर घट्ट मातीचा थर, त्यावर दीड मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे अस्तर आणि दूषित पाणी गोळा करणाऱ्या नळ्या असाव्या लागतात. कचरा रोज मातीने झाकावा लागतो. एवढे नसेल तर तो भराव नव्हे, उकिरडा होय.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची काळजी : शहरी कंपोस्ट काळसर, मातीच्या वासाचे व थंड असावे. काचेचे वा प्लॅस्टिकचे तुकडे दिसल्यास ते घेऊ नये. किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसल्याचा तपासणी अहवाल मागावा. कचऱ्याच्या ढिगाखालील उतारावर विहीर असल्यास तिचे पाणी तपासून घ्यावे.

ग्रामसेवकांनी आपल्या गावी आजच आरंभ करावा. मासळीचे अवशेष भाताच्या पेंढ्यात मिसळून खड्ड्यात घालावेत व वर मातीचा थर द्यावा. घरी वेगळा ठेवलेला कचरा शेताला खत देतो. मिसळलेला कचरा विहीर नासवितो.